मुदतीनंतरचं पत्र

मी अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या खरेदी विभागात काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं विभागप्रमुख होतो. खाटा, गाद्या, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे, फरशी पुसायचं औषध, सगळं माझ्या सहीने यायचं. आमच्या खिडकीबाहेर निविदांची लोखंडी पेटी होती. ठरल्या दिवशी दुपारी तीनला मी तिच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवायचो आणि पट्टीवर सही करायचो. त्यानंतर कोणी पाकीट आणलं, की त्याच्यावर 'उशिरा प्राप्त' असा शिक्का मारायचा आणि ते न उघडता परत करायचं. एकदा हातमोजेवाला तीन वाजून चार मिनिटांनी धापा टाकत आला. त्याचा दर सगळ्यांत कमी असणार हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी शिक्का मारला. तो मला नाही नाही ते बोलला. तेव्हापासून विभागात मला 'कुलूप' म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या मुलीने परदेशात जाऊन फायनान्समध्ये मास्टर्स करणार असं जाहीर केलं. ती पंचवीस वर्षांची. गाडीकर्ज देणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षं लोकांच्या पगाराच्या पावत्या तपासत होती. तिची शिल्लक आणि मला निवृत्तीला मिळालेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा, एवढंच भांडवल. शैक्षणिक कर्ज काढायला ती तयार नव्हती. "दिवसभर दुसऱ्यांची कर्जं बघते बाबा, घरी आल्यावर स्वतःचं बघायची ताकद नाही," ती म्हणाली. म्हणजे एकदाच निवडायचं होतं आणि निवड चुकली तर दुसऱ्यांदा निवडायला पैसे नव्हते.

आधी ती मला परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांकडे घेऊन गेली. काचेचं टेबल, गुळगुळीत पुस्तिका, पाणी द्यायला माणूस. गृहस्थ दोनच विद्यापीठांची नावं पुन्हा पुन्हा घेत होते आणि बाकीच्यांचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघत होते. कमिशन मला दोन खोल्या पलीकडून ओळखू येतं. मी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि उठलो. जिन्यात तिला म्हणालो, "हे काम आपण घरी करू. निविदा काढल्यासारखं."

ती हसली. "आणि पेटी?"

"पेटी माझा इमेल."

यात गंमत नव्हती. सगळी आवक एकाच ठिकाणी आली पाहिजे, नाहीतर घोळ होतो, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. तिच्या इमेलमध्ये तर सतरा हजार न वाचलेली पत्रं पडली होती. तेव्हा सगळ्या अर्जांवर माझा पत्ता घालायचा असं ठरलं. मी एका कागदावर अटी लिहिल्या. एकूण खर्चाची मर्यादा ठरवली. तिच्या किमान अपेक्षांना उतरतील तीच विद्यापीठं घ्यायची. पंधरा तारखेला दुपारी तीनपर्यंत ज्यांचं प्रवेशपत्र आणि फीचा आकडा येईल त्यांचीच तुलना करायची. त्यांत ज्याचा खर्च सगळ्यांत कमी तिथे जायचं. तिने वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली. तिची सही माझ्यासारखीच आहे, शेवटी खाली एक रेघ ओढते.

माझी बायको त्याच रुग्णालयात वॉर्ड सिस्टर होती. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुमच्या सगळ्यांत स्वस्त हातमोज्यांची बोटं फाटायची. आम्ही दोन दोन घालायचो."

"तपशिलात जाडी लिहिली नव्हती म्हणून," मी म्हणालो. "इथे सगळं लिहिलंय."

"बघा बाई," ती म्हणाली. हे ती मलाच म्हणाली.

पुढचे चार महिने दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आमचं कार्यालय भरायचं. मी नावं झाकून विद्यापीठांना अक्षरं दिली होती, म्हणजे नावाला भुलून कोणी झुकायला नको. फी हा तर नुसता मथळा असतो. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, बसचा पास, विमानाचं तिकीट, व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम, जाड कोट एक, असं सगळं धरून मी प्रत्येकाची पोहोच किंमत काढली. एक विद्यापीठ फी जवळजवळ घेतच नव्हतं, पण निम्मे तास तिथल्या भाषेत शिकवणार होतं. ते बाद. एकाचं सगळं छान होतं, पण त्याच्या पदवीला तिथल्याच बँका विचारत नव्हत्या. तेही बाद.

एका रविवारी तिने माझा तक्ता स्वतःकडे फिरवला आणि पेन्सिलीने टकटक केलं. "बाबा, हे दहा महिन्यांचं आहे आणि हे दोन वर्षांचं. दोन वर्षांत माझा पगार बुडणार त्याचा रकाना कुठाय?"

मी अठ्ठावीस वर्षांत कधी कोणाला माझ्या तक्त्यात रकाना घालू दिला नव्हता. तो घातला. शेजारी तिने आणखी एक घातला, दोन वर्षांवाल्यांना शिकताना आठवड्याला वीस तास काम करायला मिळतं त्याचा. आकडे हलले आणि तळाचं एक विद्यापीठ वर आलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच चहा गाळायला उठलो.

अकरातून तीन उरली, अ, ब आणि क. ब दहा महिन्यांचं, साधं, नेटकं, मर्यादेत बसणारं. अ जरा महाग. क दोन वर्षांचं, आणि त्याची छापील फी आमच्या मर्यादेच्या बरीच वर. पण क गुणवंतांना फीमध्ये मोठी सूट द्यायचं, आणि मुलीचा जीव क मध्ये अडकला होता. तिथे एक बाई निवृत्तिवेतनाच्या निधींमधली जोखीम शिकवत होत्या. सामान्य माणसांनी तीस वर्षं साठवलेले पैसे कोण कुठे गुंतवतं आणि बुडाले तर काय होतं, हा त्यांचा विषय. मुलीने त्यांचा एक लेख वाचून त्यांना चार प्रश्न विचारले होते, आणि बाईंनी चारही प्रश्नांना सविस्तर उत्तरं धाडली होती. ते उत्तर ती छापून पाकिटात घेऊन फिरायची. अक्षरांखाली नावं झाकून काही उपयोग नव्हता. क म्हटलं की तिचा चेहराच बदलायचा.

"सूट मिळाली तरच," मी बजावलं.

"माहितीये."

"आणि मुदतीत मिळाली तर."

"बाबा, माहितीये. मी सही केलीये."

पंधरा तारीख मी मनाने काढलेली नव्हती. ब ची जागा पक्की करायची असेल तर वीस तारखेला दुपारी बारापर्यंत परत न मिळणारी मोठी रक्कम भरायची होती. मध्ये पाच दिवस हाताशी हवेत, एवढाच हिशेब.

अ आणि ब ची पत्रं वेळेत आली. मी ती छापून, पाकिटात घालून, पाकिटं बंद करून ठेवली होती. पंधराला मुलीने अर्ध्या दिवसाची रजा काढली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा टेबलावर दोन पाकिटं होती.

"मुदत वाढवता येते ना?" तिने विचारलं.

"मुदत संपायच्या आधी वाढवता येते. संपल्यावर नाही."

"तीन वाजून एक मिनिट झालंय."

"म्हणूनच."

पाकिटं उघडली. अ मर्यादेच्या बाहेर गेलं, ब आत राहिलं. मी तक्त्याच्या तळाशी ब लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि ती ऑफिसात राहिलेलं काम करायला गेली. जाताना ती जिना नेहमीसारखी दोन दोन पायऱ्यांनी उतरली नाही. मी ऐकत होतो.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी क चं पत्र आलं.

इमेलच्या यादीत ठळक अक्षरांत विद्यापीठाचं नाव, आणि पुढे एवढंच की तुमच्या अर्जाबाबतचा निर्णय सोबत आहे. होकार की नकार ते बाहेरून कळत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले. मग मी एक नवीन कप्पा तयार केला, त्याला 'उशिरा प्राप्त' असं नाव दिलं आणि पत्र न उघडता त्यात सरकवलं. माझ्या मते मी अगदी बरोबर वागत होतो. उघडलं आणि होकार निघाला, तर माझ्या सहीला काय अर्थ उरला? नकार निघाला, तर तिला उगाच दुखवायचं कशाला? अशी दोन्हीकडून मी स्वतःची समजूत घातली. दोन दोन कारणं देणारा पुरवठादार मी एरवी दारातूनच परत पाठवला असता.

संध्याकाळी ती आली. चपला काढता काढता विचारलं, "काही आलं का?"

"मुदतीत काही आलं नाही," मी म्हणालो.

सोळाला सकाळी तिने दात घासता घासता विचारलं. सतराला ऑफिसातून फोन करून आधी घरात साखर आहे का ते विचारलं, आणि मग सहज विचारल्यासारखं, "बाबा, पत्रं बघितलीत का आज?" मी दोन्ही वेळा तेच वाक्य म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. मी ते वाक्य चांगलं पारखून घेतलं होतं.

अठराला बायकोने कपड्यांच्या घड्या घालताना विषय काढला. "ते तिसरं आलं का हो?"

तिच्याशी मी तेहतीस वर्षांत खोटं बोललेलो नाही, त्यामुळे मला सांगावं लागलं. आलंय, उशिरा आलंय, उघडलेलं नाही.

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "अहो, हे हातमोजे आहेत का?"

"नियम तिने वाचून सही केलीये."

"नियम पुरे. ते दोन वर्षांचं आहे. वर तिथे आणखी तीन वर्षं राहून नोकरी करता येते. हे दहा महिन्यांचं आहे, संपलं की पोरगी घरी. याचा रकाना होता का तुमच्या तक्त्यात?"

रकाना नव्हता. पण पहिल्या दिवसापासून तो आकडा माझ्या डोक्यात होता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि मला स्वतःचा संताप आला. लोकांचा कल मी कागदाच्या वासावरून ओळखायचो. माझा मला चार महिन्यांत कळला नाही. ती गेली की हे घर कसं असेल याची मला भीती वाटत होती, त्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं.

"तूच सांग तिला," मी म्हणालो.

"मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. आजच सांगा."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. एकोणीसला मी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा ती कपाट आवरत होती. मला बघून तिने हातातला स्वेटर तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "या ना बाबा. काही हवंय?"

"नाही. दिवा चालू दिसला."

"काही आलं का?"

तिने यावेळी माझ्याकडे सरळ बघून विचारलं. आता सांगायचं तर चार दिवस का दडवलं तेही सांगावं लागणार होतं, आणि ते माझ्या फार जिवावर आलं.

"मुदतीत काही आलं नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि स्वेटरची घडी घातली.

वीस तारखेला मी सकाळी दहालाच लॅपटॉप उघडून ब चं पैसे भरायचं पान काढून बसलो. रक्कम आमच्या संयुक्त खात्यातून जायची होती, व्यवहार पक्का करायचा बँकेचा आकडा माझ्या फोनवर येणार होता. बायको स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता. मुलगी ऑफिसचे कपडे घालून, बॅग खांद्यावर अडकवून आली आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"भरूया," मी म्हणालो. "बारापर्यंत वेळ आहे."

"नको भरूया, बाबा."

"का?"

"मी क ला होकार कळवलाय. सोळालाच."

मला आधी वाक्य समजलंच नाही. ती शांतपणे बोलत होती, एखाद्या ग्राहकाला त्याचा अर्ज कुठे अडला ते समजावून सांगावं तशी. क च्या अर्जात दुसरा पत्ता विचारला होता. तिथे तिने स्वतःचा घातला होता. पंधराला पाच चाळीसला पत्र तिलाही आलं. ती तेव्हा ऑफिसच्या जिन्यात होती. साठ टक्के सूट. तिथेच पायरीवर बसून तिने आधी आईला फोन केला.

"आईला?" मी म्हणालो.

"मी तुम्हाला आधी सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, बाबांना आधी सांगू दे, त्यांना आनंद होईल सांगताना. म्हणून मी घरी आले आणि विचारलं."

स्वयंपाकघरातून कोणी बाहेर आलं नाही.

"पण मग सोळाला होकार देऊन टाकलास, तर पुढे विचारत का होतीस रोज?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

मी नियमाचं काहीतरी बोलायला सुरुवात केली. न उघडता ठेवलं, कोणाला झुकतं माप नको, असं काहीतरी. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

"न उघडणं ठीक होतं," ती म्हणाली. "मी सही केली होती. तुम्ही 'आलंय, पण मी उघडणार नाही' म्हणाला असतात तरी मी भांडले असते आणि हसले असते. उशिरा आलेलं पाकीट तुम्ही परत द्यायचात ना त्या माणसाला? माझं मला परत का नाही दिलंत?"

ती उठली, बॅगेचा पट्टा नीट केला. "पैशाची काळजी करू नका. सूट धरून ते मर्यादेत बसतंय, आणि पहिली रक्कम मी माझ्या खात्यातून भरलीये. उशीर होतोय मला, जाते."

ती गेल्यावर मी 'उशिरा प्राप्त' मधलं ते एकुलतं पत्र उघडलं. अभिनंदन, सूट, राहण्याची सोय, त्या बाईंनी स्वतः शिफारस केल्याचा उल्लेख. मी पेन्सिल घेऊन तक्त्यात आकडे भरले. बुडालेला पगार, वीस तासांचं काम, कोट, सगळं धरून क ची पोहोच किंमत ब पेक्षा कमी आली. दोनदा करून बघितलं. मग पत्राच्या शेवटच्या ओळीवर आलो. ही जागा स्वीकारत असल्याचं एकोणीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं, त्यानंतर आलेलं उत्तर विचारात घेतलं जाणार नाही.

त्या दिवशी वीस तारीख होती. तिने दुसरा पत्ता घातला नसता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. बायको येऊन शेजारी उभी राहिली, तिनेही ती ओळ वाचली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलगी घरात माझ्याशी नेहमीसारखीच वागत राहिली. जेवायला हाक मारायची, गुडघा कसा आहे विचारायची, चष्मा सापडत नसला की शोधून द्यायची. त्यानंतर वसतिगृहाचं पत्र आलं असणार, विम्याचं आलं असणार, व्हिसाची तारीख आली असणार, तिकीट आलं असणार. मी दिवसातून चार-पाच वेळा इमेल उघडून बघायचो. माझ्या पत्त्यावर काही आलं नाही. तिचं विमान कोणत्या दिवशी आहे ते मला तिच्या आईकडून कळलं.